ओवाळून पाठवलेली माणसं

शनिवारी सकाळी बाबांच्या सैन्यासाठी आई पातेलंभर पोहे करायची. सैन्य म्हटलं की लोक हसतात. मीही हे हसतच सांगायला शिकले आहे, कारण हसत सांगितलं की समोरचा माणूस पुढचे प्रश्न जरा उशिरा विचारतो. पण ते सैन्यच होतं. त्याला 'फ्री वॉर्डन्स' असं नाव होतं, काळी जाकिटं होती, कुदळीचे लाकडी दांडे होते आणि लेस्टरमधल्या आमच्या जोडघराच्या मागच्या हिरवळीवर त्याची कवायत चालायची. शिट्टी वाजवणारे आणि हुकूम सोडणारे माझे बाबा. पुण्याहून लिफ्टचे इंजिनीअर म्हणून आलेले, शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी न खाणारे, कॉलेजात कधी काळी परेडचं बक्षीस मिळवलेले मनोहरराव. त्यांचे शिपाई जवळजवळ सगळे गोरे होते. ते बाबांना 'कॅप्टन' म्हणायचे आणि आईला 'वहिनी'. कॅप्टनच्या बायकोला नावाने हाक मारायची नाही, हा बाबांचा नियम.

नियम बरेच होते. बूट दाराशी काढायचे. आमच्या अरुंद हॉलमध्ये त्या बुटांची अशी रांग लागायची की मला शाळेतून आल्यावर भिंतीला चिकटून आत जावं लागे. फोन स्वयंपाकघरातल्या तूरडाळीच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे. सरकार फोनवरून माग काढतं, म्हणून मोहिमेवर कुणीही फोन नेत नसे. डाळ बिचारी प्लास्टिकच्या पिशवीत गेली होती. आणि निघताना कुणीही 'गुडबाय' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. हे मात्र आईने शिकवलं होतं. तिच्या घरातून 'जातो' म्हणून कुणी निघू शकत नसे. गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा ती दारात 'या हं परत' असं म्हणायची, आणि तो गोंधळून मान डोलवायचा. मी आठ वर्षांची असताना आम्ही इथे आलो. माझं मराठी टिकलं ते आईच्या या असल्या हट्टांमुळे.

सैन्याच्या आधीचं घर वेगळं होतं. तेव्हा विनूकाका होता. बाबांचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहायचा, लग्न केलं नव्हतं, कामाचा फारसा उरक नव्हता. दिवाणखान्याच्या मधोमध गालिच्यावर आडवा पडून तो टीव्ही बघायचा, आणि मी घाईत त्याला ओलांडून गेले की पाय धरून ठेवायचा. झोपलेल्या माणसाला ओलांडलं की त्याची उंची खुंटते, उलटी ओलांड आधी, म्हणायचा. चाळिशीच्या माणसाची कसली उंची वाढणार, असं मी म्हटलं की तो भलता गंभीर चेहरा करून सांगायचा की त्याला अजून आशा आहे. मग मी उलटी ओलांडून यायचे. बाबासुद्धा ओलांडायचे नाहीत. सोफ्याला वळसा घालून जायचे आणि जाताना त्याला आळशी म्हणायचे.

एके दिवशी त्याच गालिच्यावर विनूकाकाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. हॉस्पिटलात त्याला मशीनवर ठेवलं आणि काही आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की आता मशीन चालू ठेवण्यात अर्थ नाही. बाबा कोर्टात गेले. न्यायाधीशांनी डॉक्टरांचं ऐकलं. मशीन बंद झालं. आई त्याच हॉस्पिटलात, त्याच अतिदक्षता विभागात भूलतज्ज्ञ होती. घरचा पेशंट म्हणून तिला त्या केसपासून लांब ठेवलं होतं, पण बाबांनी घरी तिला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारली. तो जगेल असं तू कोर्टात सांग. ती शेवटी म्हणाली, "मनोहर, विनू आता तिथे नाहीये." बाबांनी हातातला पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. आईसमोर त्यांनी काही फेकण्याची ती पहिली वेळ.

बाबांचं दुःख खरं होतं. हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. पण त्या दुःखाला त्यांनी काय खायला घातलं तेही सांगेन. ते रात्रंदिवस कॉम्प्युटरसमोर बसू लागले आणि त्यांना त्यांच्यासारखीच माणसं भेटत गेली. कुणाचं घर गेलेलं, कुणाचं दुकान, कुणाचं मूल. सगळ्यांचं म्हणणं एकच, की हे सरकार, ही कोर्टं, हे कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका, आमचे कुणी लागत नाहीत, त्यांचा कायदा आम्हांला लागू नाही. ही माणसं नुसती चिडलेली होती, त्यांना उभं कसं राहायचं ते माहीत नव्हतं. बाबांनी त्यांना रांगेत उभं केलं. ज्या माणसाला ऑफिसात कुणी नीट नावाने हाक मारत नव्हतं, त्याच्या शिट्टीवर सहा-सहा फुटी पुरुष टाचा जुळवू लागले. त्याची नशा कशी असते ते मी खिडकीतून बघितलेलं आहे.

त्यांच्यातला मला आवडणारा माणूस म्हणजे गॅरी. छपरं शाकारायचा, दारातून आत येताना वाकायचा. त्याचा लहान मुलगा कौन्सिलने काढून नेऊन दुसऱ्या कुटुंबात ठेवला होता. गॅरीला पोह्यांवर भरपूर शेव लागायची आणि लिंबाची फोड तो सालासकट चावून खायचा. माझ्या सायकलचं पंक्चर तोच काढायचा. मुलाच्या वाढदिवसाला तो आमच्या स्वयंपाकघरात बसून हमसून हमसून रडला, आणि आईने त्याच्या त्या पिंपाएवढ्या पाठीवरून हात फिरवत त्याला गोडाचा शिरा खायला लावला. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे.

पहिलं रक्त आमच्या घरी आलं ते बाबांच्या बाहीवर. एका वॉर्डनला घराबाहेर काढायला कोर्टाची माणसं येणार होती. त्यांना अडवायला हे सगळे गेले आणि त्यातल्या एका माणसाचा गुडघा दांड्याने फोडून आले. आईने तो शर्ट मीठ घातलेल्या गार पाण्यात भिजत टाकला आणि मला म्हणाली की गरम पाण्यात टाकू नये, डाग धरतो. मला वाटलं आता ती ओरडेल, बॅग भरेल. ती उभी राहून शर्ट चोळत राहिली. पुढे अशा शनिवारनंतर आमचं जेवायचं टेबल दवाखाना होऊ लागलं. फुटलेल्या भुवया, सुजलेल्या मुठी, एकदा तर दात ओठातून आरपार गेलेला. आई टाके घालायची, बाबा बाजूला उभे राहून आज काय चुकलं ते समजावून सांगायचे, आणि मी कापूस फाडून द्यायचे. नंतर त्याच टेबलावर आम्ही आमटीभात जेवायचो.

मग कॉलिनचं झालं. कॉलिन हा बारीकसा, सतत नाक ओढणारा माणूस. तो पोलिसांशी बोलतो असा संशय होता. एका दुपारी बाबा स्वयंपाकघरात आले, शांतपणे म्हणाले, "मिक्सर लाव," आणि गॅरेजकडचं दार ओढून घेऊन गेले. आई ड्यूटीवर होती. मी मिक्सरमध्ये खोबरं घातलं, कोथिंबीर घातली आणि बटण दाबलं. चटणी झाली तरी मिक्सर बंद करू नये हे मला सांगावं लागलं नाही, कारण मध्ये एकदा श्वास घेण्यापुरता मी तो थांबवला आणि भिंतीपलीकडून जे ऐकू आलं त्यानंतर मी पुन्हा बटण दाबलं. एक दबका आवाज, मग एक कण्हणं, मग पुन्हा तोच दबका आवाज, शिस्तीत, जणू कुणी गादी झोडपतंय. मिक्सर गरम होऊन जळका वास आला आणि आपोआप बंद पडला. कॉलिनला गाडीत घालून कुठे सोडलं ते मला कळलं नाही. जिवंत होता. त्याने पुढे कोर्टात साक्ष दिली, तेव्हा त्याचा जबडा एका बाजूला उतरलेला होता. माझ्या घरी आज पाटा-वरवंटा आहे. माझ्या मुलीला वाटतं की मला जुन्या वस्तूंची हौस आहे.

त्या रात्री मी आईला विचारलं, आपण इथे का राहतो. ती कणीक मळत होती. ती म्हणाली, "मी सोडून गेले ना, तर त्याला परत यायला घरच राहणार नाही." मी म्हटलं की आई, त्यांनी एका माणसाला मारलंय, इन अवर गॅरेज. ती म्हणाली की तिला माहीत आहे, तिने फरशी बघितली. आणि मळत राहिली. मला तेव्हा बाबांची भीती वाटायची, पण त्याहून जास्त आईच्या या समजूतदारपणाची वाटायची. ती कुणालाही, काहीही झालं तरी, परत घरात घेणार. तिच्या 'ये' म्हणण्याला कुठे तळच नव्हता.

प्रत्येक मोठ्या मोहिमेच्या सकाळी आईने सगळ्यांना ओवाळावं असं बाबांनी ठरवलं होतं. मावळ्यांना ओवाळून पाठवायचे, असं त्यांनी त्या लोकांना भाषणात सांगितलं, आणि ते लोक या गोष्टीने अगदी भारावले. हॉलमध्ये रांगेने उभे राहायचे, मोजे घातलेले, हात बांधलेले. आई ताम्हन घेऊन यायची. निरांजन, अक्षता, सुपारी, तिची अंगठी. ओल्या कुंकवाचा उभा टिळा प्रत्येकाच्या कपाळावर अंगठ्याने ओढायची. ही माणसं काय करायला निघाली आहेत हे माहीत असून तू हे कसं करतेस, असं मी तिला चिडून विचारलं होतं. तिचं म्हणणं, ओवाळलेला माणूस घरी परत येतो, आणि परत आला की बोलता येतं.

त्या शनिवारी बर्मिंगहॅमला मोर्चा आहे असं आम्हांला सांगितलं होतं. पोहे नेहमीपेक्षा जास्त झाले. कुणी फारसं खाल्लं नाही, गॅरीने शेव मागितली नाही, एवढं मला खटकलं. ओवाळताना तो रांगेत शेवटी होता. उंच असल्यामुळे तो नेहमी वाकायचा, पण त्या दिवशी घाईने जरा आधीच वाकला आणि आईचा अंगठा घसरून टिळा डाव्या भुवईकडे तिरका ओढला गेला. थांब, सरळ करते, असं म्हणून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली, तेवढ्यात बाबांनी शिट्टी वाजवली. गॅरी 'येतो, वहिनी' म्हणाला. ती 'ये' म्हणाली. बाबा सगळ्यांत शेवटी निघाले. ते 'येतो' म्हणाले तेव्हा ती त्यांना 'लवकर ये' म्हणाली.

ते गेल्यावर थोड्या वेळाने हॉस्पिटलातून आईला फोन आला. एका सहकाऱ्याचं मूल आजारी पडलं होतं, येऊ शकशील का. तिने बाबांना मेसेज केला आणि लगेच शेल्फावरचा डाळीचा डबा घूंऽऽ करून थरथरला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. "हा एवढा मोठा सेनापती, आणि फोन डाळीत," ती म्हणाली. ते तिचं हसणं मी जपून ठेवलं आहे. मग ती 'येते गं' म्हणून गेली.

मी भांडी घासत होते तेव्हा डबा पुन्हा वाजला. मग पुन्हा. मग एकदम सगळेच फोन वाजू लागले आणि डबा शेल्फाच्या कडेकडे सरकू लागला, तो पडेल म्हणून मी धरला. झाकण काढलं. आत सगळे पडदे उजळलेले. बायकांचे, आयांचे, भावांचे मेसेज. टेल मी यू आर नॉट ॲट द हॉस्पिटल. इट्स ऑन द न्यूज. प्लीज रिंग मी. आणि त्या सगळ्यांच्या तळाशी बाबांचा फोन, त्यावर आईचा न वाचलेला मेसेज. 'आयसीयूला जातेय, संध्याकाळी भेटू.'

बर्मिंगहॅमचा मोर्चा नव्हताच, ते आईच्याच हॉस्पिटलात गेले होते. विनूकाकाचं मशीन बंद करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना 'अटक' करायला. आई घरी असणार हे गृहीत धरूनच त्यांनी तो दिवस निवडला होता. आणि तिने कळवलं ते त्यांच्याच नियमाने डब्यात बंद होतं. मी आईला फोन केला, तो लॉकरमध्ये वाजत राहिला असणार. शेजारच्या गुजराती काकांनी चपला घालता घालता गाडी काढली. हॉस्पिटलच्या दारात पोलिसांनी पट्टी लावली होती. मी तिच्याखालून घुसले आणि एका पोलीसबाईने मला कमरेला धरून उचलून मागे आणलं.

आत जे झालं ते मी कोर्टात कॅमेऱ्याच्या चित्रफितीत बघितलं. आवाज नव्हता. लांब मार्गिका, टोकाला विभागाचं दार, दाराशी मास्क आणि निळी टोपी घातलेली एक बुटकी बाई हात पसरून उभी. समोरून काळी जाकिटं, तोंडाला काळी फडकी, फक्त डोळे आणि कपाळं उघडी. त्यांना ती कोण ते कळलं नाही. तिला मात्र कळलं, कारण प्रत्येक कपाळावर तिचा अंगठा होता. सर्वांत पुढच्या उंच माणसाचा टिळा तिरका होता. चित्रफितीत तिचा मास्क हलताना दिसतो. ती त्याला नावाने हाक मारत होती. त्याने दांडा उचलला. तिने हात वर घेतला, हात मोडला. दुसरा फटका डोळ्यावर बसला. ती खाली पडली तेव्हा टोपी निघाली, केस मोकळे झाले, आणि गॅरी असा मागे हटला की त्याच्या मागचे दोघे पडले. दांडा तिथेच टाकून तो भिंतीशी जाऊन गुडघ्यात बसला.

मग बाबा पुढे आले. ते थांबले. खाली बघितलं. कॅमेरा त्यांच्या समोरच होता, त्यामुळे ओळख पटली हे त्यांच्या डोळ्यांत सगळ्या कोर्टाला दिसलं. मार्गिका रुंद होती, वळसा घालता आला असता. त्यांनी तिला ओलांडलं आणि आत गेले.

आत ते मोठे डॉक्टर नव्हतेच, त्यांची सुट्टी होती. होते ते पेशंट आणि नर्सेस. वॉर्डन्सनी दिसेल ते फोडलं. एका नर्सच्या बरगड्या मोडल्या. एका म्हाताऱ्या बाईंचं श्वासाचं मशीन भिंतीवर आदळून बंद पडलं, आणि पोलीस येईपर्यंत मोडक्या बरगड्यांची ती नर्स हाताने फुगा दाबत त्यांना श्वास देत राहिली. म्हाताऱ्या बाई वाचल्या. कुणाच्या तरी घरच्या माणसाचं मशीन माझ्या बाबांनी बंद पाडलं होतं. ते विनूकाकाच्या पलंगाच्या जागी जमिनीवर बसलेले सापडले. त्यांनी पोलिसांना काही विरोध केला नाही.

आईचा डोळा गेला. खटला उभा राहीपर्यंत मी तिच्या ड्रेसिंगचा कापूस फाडत होते, शनिवारी वॉर्डन्ससाठी फाडायचे तसाच. आणि रोज भीत होते की ती साक्ष द्यायची नाही. बाबा तुरुंगातून फोन करायचे. ती फोन घ्यायची, ऐकायची, ठेवायची. काय बोलले विचारलं तर म्हणायची, रडत होते. मी तिला सांगितलं की तू त्यांना परत घरात घेतलंस तर मी निघून जाईन. तिने मला जेवायला वाढलं.

तिने साक्ष दिली. गॅरीच्या वकिलाने विचारलं की तोंड झाकलेलं असताना नुसत्या कपाळावरून तुम्ही माणूस कसा ओळखला. ती इंग्रजीत म्हणाली, "तो टिळा मी लावला होता. त्या दिवशी वाकडा गेला. मी सरळ करणार होते." गॅरी आरोपींच्या काचेमागे तोंडावर हात घेऊन रडत होता. त्याच्याकडे तिने मान वळवून एकदा बघितलं. मला वाटतं तिने त्याला माफ केलं असावं. त्या दिवशी मास्कमागे त्याला ती नव्हती दिसली.

शिक्षा सुनावली तेव्हा बाबा ताठ उभे होते, परेडला उभे असावेत तसे. पहारेकऱ्याने त्यांच्या कोपराला हात लावला. जाता जाता ते थांबले आणि आमच्याकडे वळले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत म्हणाले, "येतो गं."

कोर्टात कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्याच ओठांवर 'या' आलं. मी ते गिळलं. आई उठून उभी राहिली. मोडून सांधलेल्या हाताने तिने पुढच्या बाकाची कड धरली होती. एका डोळ्याने ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली, इतका की पहारेकरीही थांबला.

"जा," ती म्हणाली.